हिवाळ्यातल्या मासळीचं मोल

तुळशीचं लग्न लागलं, की आपल्या घराघरांतून थंडीची तयारी सुरू होते. गोधड्यांना ऊन दाखवायचं, पेटीतले स्वेटर बाहेर काढायचे, डिंक-मेथीच्या लाडवांचा घाट घालायचा. वऱ्हाडात उन्हाळ्याने जीव नकोसा केलेला असतो, त्यामुळे थंडीचं आपण कौतुकच करतो. "यंदा काय मस्त थंडी पडली!" असं म्हणत सकाळच्या चहाचा दुसरा कप घेतो. पण मैत्रिणींनो, ही मस्त थंडी आपण पांघरुणातून पाहतो. अकोल्याचा पारा दहाच्या खाली उतरला, वर आभाळ भरून आलं, झोंबरं वारं सुटलं आणि बारीक पाऊस भुरभुरू लागला, की याच थंडीत पाण्यात पाय घालून बसणारी माणसंही आपल्याच तालुक्यात आहेत. ही माणसं म्हणजे आपली भोई मंडळी.

मूर्तिजापुरात मासळी म्हणजे काही समुद्राची मासळी नव्हे. ती असते पूर्णेच्या डोहातली, पेढी आणि उमेच्या पात्रातली, नाही तर धरण-तलावांतली. रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, शिंगाडा आणि बारीक झिंगे. पावसाळा संपताना ही मासळी भरपूर मिळते आणि बेताच्या दरात मिळते. मार्गशीर्ष-पौषात मात्र पाटीत चारच मासे दिसतात आणि भाव वाढलेला असतो. मग बाजारात तोच संवाद ऐकू येतो. "अगं, परवा तर इतक्याला दिलास! नदीतला तर मासा, त्याला तुझं काय जातं?"

तिचं काय जातं, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे. ज्यांच्या घरी मासा चालत नाही, त्या भगिनींनीही तो जरूर वाचावा. पाण्याची आणि थंडीची गाठ पडते तिथे काय होतं, हे प्रत्येक घरात उपयोगी पडणारं ज्ञान आहे.

मासा रुसतो कुठे?

आपण थंडीत गरम कपडे घालतो, आपलं शरीर स्वतःची ऊब तयार करतं. माशाचं तसं नसतं. पाणी जितकं गार, तितकंच त्याचं अंग गार. रोहू, कटला, मृगळ हे उष्ण प्रदेशातले मासे. पाणी अठरा-वीस अंशांच्या खाली गेलं, की त्यांची भूक मंदावते, पचन मंदावतं, हालचाल कमी होते. एरवी कटला वरच्या पाण्यात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. थंडीत मात्र सगळेच खोल पाण्याकडे सरकतात, कारण तिथे दिवस-रात्रीचा फरक कमी जाणवतो. मत्स्यशेती करणारे शेतकरीसुद्धा हिवाळ्यात माशांचं खाद्य कमी करतात. घातलं तरी ते खाल्लं जात नाही, उलट कुजून पाणी नासतं.

आता जाळ्याचा विचार करा. संध्याकाळी तलावात आडवं लावून ठेवायचं जाळं भिंतीसारखं उभं असतं. मासा फिरताना त्यात डोकं घालतो आणि कल्ल्यांशी अडकतो. म्हणजे मासा फिरला, तरच जाळं भरणार. तो तळाशी निवांत बसला, तर जाळं रिकामंच राहणार. बाजारात बसणाऱ्या एका मावशींनी हेच मला चार शब्दांत सांगितलं होतं. "बाई, हिव सुटलं का मासोयी तयाले जाऊन बसते. जायं टाका, नाही तं नका टाकू. ते काई हालत नाही." पाठ्यपुस्तकात दोन पानं लागली असती!

गंमत अशी, की दुपारी ऊन तापलं म्हणजे काठाजवळचं उथळ पाणी जरा कोमट होतं आणि मासे तिकडे सरकू लागतात. पण तोवर सकाळचा बाजार उठलेला असतो. त्यात रब्बीच्या गहू-हरभऱ्यासाठी धरणातून पाणी सोडतात. काटेपूर्णेवर महानला जसं मोठं धरण आहे, तशी लहानमोठी धरणं या भागात आहेत. पाणी उतरलं, की कालची जाळ्याची जागा आज निरुपयोगी ठरते आणि नवी जागा शोधत आणखी आत जावं लागतं. पुढे चैत्र-वैशाखात पाणी आटतं, मासे थोड्या जागेत कोंडतात आणि पुन्हा भरपूर मिळू लागतात. मधले हे थंडीचे दोन-अडीच महिने मात्र कष्ट जास्त, मिळकत कमी.

ट्यूबवरचा माणूस

मोठ्या होड्या सगळ्यांकडे नसतात. ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब घ्यायची, तिच्यावर बसायची सोय करायची आणि हातांनी पाणी मारत तलावात जायचं, ही पद्धत आपल्याकडच्या कितीतरी जलाशयांवर दिसते. अशा बसण्यात पाय सगळा वेळ पाण्यात असतात. संध्याकाळी जाळं लावायचं आणि पहाटे, उजाडायच्या आत, काढायचं. उशीर करून चालत नाही, कारण जाळ्यात मेलेला मासा खराब होऊ लागतो आणि बाजारही गाठायचा असतो.

पहाटे तलावावर वाफ तरंगताना दिसते. पाणी हवेपेक्षा थोडं ऊबदार असतं म्हणून ती दिसते. त्यामुळे पाण्यात असेपर्यंत माणसाला तितकं जाणवत नाही. खरी थंडी भरते ती बाहेर आल्यावर, ओल्या अंगाला वारं लागलं म्हणजे. पाणी आपल्या शरीरातली ऊब कोरड्या हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. दीड-दोन तास पाय पाण्यात ठेवून बोटं बधिर झालेली असतात आणि त्याच बोटांनी नायलॉनच्या बारीक धाग्यातून मासा सोडवायचा असतो. शिंगाड्यासारख्या माशाचा काटा रुतला, तर त्या वेळी कळतही नाही. ऊब आल्यावर हात ठणकायला लागतो.

फुकटचा मासा कुठेच नसतो

'पाण्यातला मासा म्हणजे देवाची देणगी' ही समजूत आता सोडायला हवी. रोहू-कटला पावसाळ्यात, पुराच्या वाहत्या पाण्यातच अंडी घालतात. साठलेल्या तलावात ते सहसा वीण करत नाहीत. त्यामुळे तलावात दरवर्षी बी, म्हणजे माशाची पिल्लं, विकत आणून सोडावी लागतात. पूर्वी ही पिल्लं पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करत. 10 जुलै 1957 रोजी कटक इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली आणि माणसाच्या देखरेखीखाली बी तयार करण्याची वाट मोकळी झाली. म्हणूनच 10 जुलै हा आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

तेव्हा तलावातल्या माशामागे बियाण्याचा खर्च असतो, तलावाच्या ठेक्याची रक्कम असते, जाळ्याचे पैसे असतात. हे सगळं बहुधा भोयांच्या सहकारी संस्था उचलतात. पावसाळ्यात पैसा पाण्यात टाकायचा आणि पुढच्या महिन्यांत थोडा थोडा काढायचा, असा हा व्यवहार. शेतकऱ्यासारखीच त्यांचीही पेरणी आणि कापणी! 2025 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तो याच अर्थाने रास्त म्हणायचा.

आता गिऱ्हाइकाची बाजू पाहा. श्रावण तर सगळ्यांचा पाळलेला असतो. मार्गशीर्षातही खंडोबाचं नवरात्र असतं, गुरुवारचं व्रत असतं. पुष्कळ घरांतून तो महिनाभर सामिष शिजत नाही. म्हणजे जेव्हा मासा मिळायला सर्वांत अवघड, नेमका तेव्हाच घेणारा कमी. शिवाय आंध्रातून बर्फात भरून रोहू-कटला येतो. त्याला आपल्या थंडीचं सोयरसुतक नसतं. तो रोज येतो आणि त्याच भावात येतो. त्याच्याशेजारी आपली पाटी मांडून बसलेल्या बाईने काय करावं?

घरातली थंडी

पाण्यात पुरुष उतरतो, पण त्या थंडीचा वाटा घरातल्या बाईच्या अंगावरही येतो. पहाटे मासे हाती येताच निवडायचे, पाटी डोक्यावर घ्यायची, बाजार गाठायचा. दिवसभर गार पाण्यात हात घालून मासे धुवायचे, खवले काढायचे. घरी गेल्यावर फाटलेलं जाळं शिवायला घ्यायचं. त्या हातांवरच्या भेगा एकदा पाहिल्या, तर आपण आपल्या टाचांच्या भेगांबद्दल तक्रार करणार नाही.

मी अर्धवेळ शिकवते, त्या वर्गात डिसेंबर-जानेवारीत पहिल्या तासाला एक जागा हमखास रिकामी असायची. मुलगी हुशार. गणितात तर पहिल्या पाचात. दुसऱ्या तासाला धापा टाकत यायची. एकदा जवळ बोलावून विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, "आई बाजाराले गेली होती बाई. बाबा पाण्यातून आले, त्याईले चहा कोन मांडन? लहान्याले कोन पाहीन?" सातवीतली मुलगी! बाप काकडून घरी येतो तेव्हा चूल पेटलेली असावी, एवढ्यासाठी तिचा रोजचा पहिला तास जात होता. त्यानंतर त्या तासाचा गणिताचा अभ्यास मी मधल्या सुट्टीत घेऊ लागले. यात मी मोठं काही केलं असं नाही, पण तेव्हापासून मासळीचा भाव ऐकला, की मला त्या रिकाम्या जागेची आठवण होते.

जगात थंडीतल्या मासेमारीचं कौतुकही होतं बरं का! इंग्लंडात नद्यांमधल्या बहुतेक गोड्या पाण्याच्या माशांसाठी गळ टाकायला 15 मार्चपासून 15 जूनपर्यंत बंदी असते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत तिथले हौशी लोक पावसात, चिखलात, छत्री रोवून दिवसभर बसतात. एखादा मासा मिळाला, की वजन करतात, फोटो काढतात आणि बहुतेक वेळा त्याला पुन्हा पाण्यात सोडून देतात. अंगावर जलरोधक कपडे, पायांत उंच रबरी बूट, थर्मासमध्ये गरम चहा. थंडी तीच, पण घरी रिकाम्या हातांनी जाण्याची मुभा असेल, तर तिची मौज वाटते. आपल्या ट्यूबवरच्या माणसाला ती मुभा नाही.

घेताना काय पाहावं?

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. हिवाळ्यात स्थानिक मासळी घेण्यात आपलाही फायदा आहे. गारव्यामुळे पहाटेचा मासा सकाळच्या बाजारापर्यंत चांगला टिकतो. तरी पुढच्या गोष्टी पाहूनच घ्यावा.

ताज्या माशाचे डोळे स्वच्छ आणि किंचित फुगीर असतात, आत गेलेले किंवा दुधाळ नसतात. कल्ला उचलून पाहावा, आतला रंग लाल हवा, तपकिरी नको. बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा लगेच भरून यावा. खवले घट्ट बसलेले असावेत.

थंडीत एक गोष्ट आवर्जून पाहावी. अंगावर लाल चट्टे किंवा उघडे व्रण असलेला मासा घेऊ नये. पाणी गार झालं, की एका बुरशीमुळे माशांना व्रणांचा रोग होतो. 1988 मध्ये तो ईशान्येकडून आपल्या देशात शिरला. मरळ माशाला तो फार लवकर होतो. हा रोग माणसाला लागत नाही, पण अशा जखमांत इतर जंतू वाढतात, म्हणून तो मासा नकोच.

दुसरी महत्त्वाची सूचना रोह्याच्या पित्ताची. मासा साफ करताना पित्ताची हिरवी पिशवी फुटू न देता अलगद काढून टाकावी. फुटली तर सगळा मासा कडू होतो. काही ठिकाणी हे पित्त औषध म्हणून कच्चं गिळतात. असं कधीही करू नका आणि कोणाला करू देऊ नका. रोह्याच्या पित्तात विषारी द्रव्य असतं. ते खाल्ल्याने मूत्रपिंडं अचानक निकामी झाल्याच्या घटना आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. शिजवल्यानेही ते विष जात नाही.

गोड्या पाण्याच्या माशाला चिखलाचा वास येतो, अशी तक्रार असते. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती आणि जंतूंमुळे तो वास माशाच्या मांसात उतरतो. आंबट पदार्थाने तो कमी होतो. तुकडे धुऊन मीठ, हळद आणि लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळ लावून वीस मिनिटं ठेवावेत आणि पुन्हा धुवावेत. वास बराच जातो.

रश्शाची सोपी कृती अशी. अर्धा किलो रोह्याचे तुकडे वरीलप्रमाणे तयार ठेवावेत. दोन मध्यम कांदे आणि पाव वाटी सुकं खोबरं खमंग भाजून, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, इंचभर आलं आणि मूठभर सांबार घालून बारीक वाटावं. तेल सढळ घ्यावं, त्यात वाटण तेल सुटेपर्यंत परतावं. तिखट, हळद, धणेपूड आणि दोन चमचे चिंचेचा कोळ घालून गरम पाणी ओतावं. रस्सा खळखळून उकळला, की तुकडे सोडावेत आणि मंद आचेवर दहा मिनिटं शिजू द्यावेत. सारखं ढवळू नये, भांडंच हलवावं. सोबत ज्वारीची गरम भाकर. मुलांना देताना बारीक काटे काढून द्यावेत.

ओलं अंग आणि थंडी

भिजून गारठणं काही भोयांच्याच वाट्याला येत नाही. शेतीच्या पंपांना पुष्कळदा रात्रीच्या पाळीने वीज मिळते, त्यामुळे गव्हा-हरभऱ्याच्या ओलिताला आपल्या घरचा माणूसही रात्री गुडघाभर ओला होऊन येतो. तेव्हा पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

आधी ओले कपडे काढायचे आणि अंग कोरडं करायचं. ओल्या कपड्यांवर घोंगडी गुंडाळून उपयोग नाही. मग छाती, पाठ आणि डोकं झाकायचं. शुद्धीत असेल तर गोड, गरम चहा किंवा दूध द्यावं. बधिर हातपाय एकदम शेकोटीवर धरू नयेत. संवेदना नसल्यामुळे भाजलेलं कळत नाही. जोरजोराने चोळूही नये. कापरं भरलेलं माणूस एकाएकी कापायचं थांबलं, जडजड बोलू लागलं, पेंगू लागलं, तर बरं वाटलं असं समजू नका. ते धोक्याचं लक्षण आहे. ताबडतोब दवाखाना गाठावा.

आणि दारूबद्दल. 'थंडी मारायला थोडी घेतो' हे वाक्य कितीतरी घरांतल्या बायकांना पाठ असेल. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंग गरम वाटतं, पण आतली ऊब झपाट्याने बाहेर निघून जाते. म्हणजे दारूने थंडी मरत नाही, माणूसच अधिक गारठतो. हे घरच्यांना भांडून सांगण्यापेक्षा दिवसा, शांतपणे समजावून सांगावं.

काटा रुतला तर जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. हातांच्या भेगांना रात्री हात कोरडे करून कोकमतेल किंवा व्हॅसलीन लावावं.

आपल्या हातात काय आहे?

सरकारी योजना आहेत. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी अपघात विम्याची तरतूद झाली. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख रुपये. मासेमारी बंद असते त्या तीन महिन्यांसाठी गरीब मच्छीमार कुटुंबाला मदत ठेवली. कुटुंबाने स्वतःचे दीड हजार भरायचे आणि सरकारचे तीन हजार मिळवून साडेचार हजार रुपये परत घ्यायचे. पण ही मदत बंदीच्या दिवसांची. पौषातल्या रिकाम्या जाळ्याला कोणी बंदीचा काळ म्हणत नाही. आपल्याकडे पाटी घेऊन येणाऱ्या मावशींना विम्याबद्दल जरूर विचारा. त्यांच्या घरातल्या माणसाचं नाव संस्थेत नोंदलेलं आहे का, हे एका शिकलेल्या बाईने विचारलं, तर पुष्कळ वेळा पुढची चक्रं हलतात.

आणि घासाघीस? ती करूच नये असं मी म्हणणार नाही. गृहिणीला महिन्याचा खर्च बसवायचा असतो. पावसाळ्यात, पाटी भरलेली असताना, खुशाल चार रुपये कमी करून घ्या. तीही हसून देईल. पण आभाळ भरून आलं असेल, वारं झोंबत असेल आणि पाटीत चारच मासे असतील, त्या दिवशी डोळे आणि कल्ले पाहा, वजन नीट पाहा आणि सांगितलेला भाव द्या. हे दान नव्हे. ज्या वस्तूला जितके कष्ट पडले, तितकं तिचं मोल, हा साधा हिशेब आहे आणि हिशेबात तर आपण गृहिणी कुणाला हार जात नाही!